होल कसा खेळला, तेही छापा

संपादक महोदय,

गोल्फच्या बातमीत आपण गुणफलक देता, पण होल, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतचा टप्पा, कसा खेळला गेला हे त्यातून कळत नाही. खेळाचा खरा रस तिथेच आहे! मी नवख्यांना होल उलटा वाचायला शिकवतो. आधी ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, खळग्याचा झेंडा कुठे आहे ते पाहायचे, मग तिथवरचा फटका कोणत्या बाजूने मोकळा मिळेल ते, आणि त्यावरून टीवरचा, म्हणजे सुरुवातीचा, फटका ठरवायचा. झेंडा उजवीकडे बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) आड असेल तर फेअरवेची (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याची) डावी बाजू धरावी. त्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, पिशवीतच राहिला तरी चालेल.

२०१९ ची मास्टर्स स्पर्धा आठवा. ती जिथे होते त्या अमेरिकेतल्या ऑगस्टा मैदानाचा बारावा होल जेमतेम १५५ यार्डांचा, ग्रीनपुढे ओढा, शेवटच्या दिवशी झेंडा उजवीकडे. आघाडीवरच्या मोलिनारीचा चेंडू पाण्यात गेला. त्याच गटातल्या टायगर वूड्सने झेंड्याचा मोह सोडून डावीकडे, ग्रीनच्या सुरक्षित भागावर चेंडू टाकला, पार (होलसाठी ठरलेली फटक्यांची संख्या) साधला आणि पुढे स्पर्धाही जिंकली. केवढा संयम लागतो त्याला!

असा निर्णय उलगडणारी चार वाक्ये आणि होलचा छोटा नकाशा बातमीसोबत द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक गोल्फ प्रशिक्षक