न उघडताच फॉरमॅट?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात घरचा कॉम्प्युटर चालू केला तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ, बूट डिव्हाइस (म्हणजे ज्या डिस्कवरून मशीन सुरू होतं ती) सापडत नाही, आणि रिपेअरवाल्याने मशीन न उघडताच सांगून टाकलं की फॉरमॅट मारावं लागेल, म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसावं लागेल. त्यात मुलीचे लहानपणापासूनचे फोटो होते हो, पोटात गोळाच आला. शेवटी शेजारच्या पोराने शांतपणे बघितलं तर बायोसमधली (विंडोजच्या आधी चालू होणारा, मशीनची मूळ सेटिंग ठेवणारा प्रोग्राम) तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली, म्हणजे मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला आणि त्यामुळे सेटिंग पुसलं जाऊन बूट मोड, म्हणजे मशीन सुरू व्हायची पद्धत, बदललेला. सेल नवा टाकला, मोड पूर्वीसारखा केला आणि विंडोज सुरू!

म्हणून सांगते, आधी लावलेले पेनड्राइव्ह काढून बघा, मग बायोसमध्ये डिस्कचं नाव येतंय का ते बघा. येत नसेल तर वीज बंद करून डिस्कची केबल काढून परत घट्ट बसवा. नाव येतंय पण विंडोज नाही, तर इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर, म्हणजे विंडोजची स्वतःची दुरुस्ती, चालवता येतं, त्यात आपल्या फाइल्स पुसल्या जात नाहीत. तेही नाही जमलं तरी लिनक्सच्या (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवर काही न टाकता थेट पेनड्राइव्हवरून, मशीन चालू करून फोटो बहुतेक वेळा बाहेर काढता येतात. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र लगेच बंद करा, परत परत चालू करून बघू नका.

रिपेअरवाल्यांनी फॉरमॅटआधी डेटा हवाय का एवढं तरी विचारावं, ही कळकळीची विनंती.

- एक वाचक