घर तू मोडलं नाहीस

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद.

बाबांचा भेटण्याबद्दलचा मेल आल्याचं तू परवा सांगितलंस आणि बोलता बोलता म्हणालास, "मी तेव्हा फोन केला नसता, तर सगळं वेगळं असतं ना?" मी लगेच 'नाही' म्हणाले, पण तेवढ्याने तुझं समाधान झालं नाही हे मला दिसत होतं. समोर बसून बोलायला लागले की माझा गळा भरून येतो आणि मग तूच मला समजावत बसतोस. म्हणून लिहिते आहे. तू आता अठरा वर्षांचा आहेस, आणि ही हकिकत दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवी.

२०१३च्या त्या रात्री तू पहिलीत होतास. संकटात ९११ला, म्हणजे पोलिसांना, फोन कसा करायचा ते शाळेत नुकतंच शिकवलं होतं. सोफ्याच्या मागे बसून, कॉर्डलेस फोन दोन्ही हातांत धरून, तू आपला पत्ता अपार्टमेंटच्या नंबरासकट सांगत होतास. पोलीस आले तेव्हा एक जण गुडघ्यावर बसून तुझ्याशी बोलू लागला. त्याच्याबरोबरच्या बाईंनी मला दिव्याखाली नेलं, माझा ओठ पाहिला, बाही वर करून मनगट पाहिलं. मी त्यांना सांगितलं की मी पडले. त्यांनी ऐकून घेतलं, वहीत लिहिलं आणि तरीही बाबांना बेड्या घातल्या. तू ते पाहिलंस, आणि तुझ्या डोक्यात बसलं की हे आपण केलं.

तू केलं नाहीस. न्यू जर्सीत कौटुंबिक हिंसाचाराचा १९९१चा कायदा आहे. मारहाण झाल्याचं पोलिसांना सबळ कारणाने वाटलं आणि बाईच्या अंगावर त्याची खूण दिसली, तर त्यांना अटक करावीच लागते. तिथे बायकोची इच्छा विचारत नाहीत, मुलाची तर नाहीच. अटक झाली ती माझा ओठ फुटला होता म्हणून, आणि ओठ कोणी फोडला हे तुला माहीत आहे.

आता तुला जे माहीत नाही ते सांगते. त्या रात्रीच्या बऱ्याच आधी माझं निघायचं ठरलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजी आठवतात? तुला रंगीत खडू द्यायच्या त्या. त्यांच्या कपाटात माझं एक खाकी पाकीट होतं. तुझा जन्मदाखला, तुझ्या लसींची नोंद, आमच्या लग्नाचं सर्टिफिकेट, माझ्या व्हिसाच्या कागदांच्या झेरॉक्स, आणि एका वहीच्या पानावर तारखा. कधी काय झालं, कुठे लागलं, एवढंच. पासपोर्ट मात्र नव्हते. माझा आणि तुझा, दोन्ही बाबांच्या ऑफिसच्या खणात असायचे. तू शाळेत असताना मी त्या आजींच्याच फोनवरून 'मानवी'ला फोन करत होते. आपल्याकडच्या, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश अशा सगळीकडून आलेल्या बायकांसाठी ही संस्था न्यू जर्सीत १९८५पासून काम करते. पलीकडच्या बाईंनी मला पहिल्यांदा विचारलं होतं, "आत्ता बोलणं सुरक्षित आहे का?" तोवर मला असं कोणी विचारलं नव्हतं.

तुझ्या फोनने माझी तारीख अलीकडे आली, इतकंच. निर्णय माझा होता. तो मी तुझ्यासाठीही घेतला असं लोक कौतुकाने म्हणतात, मी ते मान्य करत नाही. मी माझ्यासाठी निघाले. मला मार खायचा नव्हता. तू सोबत होतास म्हणून मला बळ आलं हे खरं, पण त्याची परतफेड तुझ्या डोक्यावर नाही.

"मग इतकी वर्षं का राहिलीस?" हेही तू मनात विचारत असशील. मी एच-४ व्हिसावर आले होते. नवरा नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, आणि त्याच्या नावाला बांधलेली बायको एच-४वर. तेव्हा एच-४वर नोकरी करता येत नव्हती. २०१५ साली काही जणींना परवानगी मिळाली, तीही नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्याला पोचला असेल तरच. हातात पगार नाही, स्वतःचं बँक खातं नाही, सोशल सिक्युरिटी नंबर नाही. घटस्फोट झाला की व्हिसाही संपणार. बाबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचे, "तुला डिपोर्ट करतील, मुलगा अमेरिकन आहे, तो इथेच राहील." मला ते खरं वाटायचं, कारण दुसरं सांगणारं कोणी नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. खरं काय ते कोर्टात कळलं. रिस्ट्रेनिंग ऑर्डर, म्हणजे बाबांनी माझ्याशी संपर्क ठेवायचा नाही असा कोर्टाचा हुकूम, देताना न्यायाधीशांनी मला व्हिसा विचारलासुद्धा नाही.

तात्पुरती ऑर्डर त्याच रात्री झाली, पुढची सुनावणी दहा दिवसांच्या आत लागली. मला दुभाषी दिल्या होत्या, कोर्टाच्या खर्चाने. वहीचं ते पान तिथे उपयोगी पडलं. घर ऑर्डरने आपल्यालाच मिळालं होतं, पण भाडं भरायला पैसे नव्हते आणि बाबांचे मित्र रोज बेल वाजवून समजावायला यायचे. म्हणून आपण अशा बायकांसाठीच्या निवाऱ्यात गेलो. तुला तिथल्या दुमजली पलंगाचं कौतुक होतं, बाकीचं फारसं आठवत नाही म्हणतोस, ते बरंच आहे. तिथला पत्ता कोणालाही सांगायचा नसायचा, तुझ्या आजीलासुद्धा.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो तू दहावीत असताना चिडून विचारला होतास. "सरळ विमानात बसून भारतात का नाही गेलो?" सगळे नातेवाईकही हेच म्हणत होते. फोनवर सांगणं सोपं होतं. एक तर तुझा पासपोर्ट हाती नव्हता, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाचा नवा काढायचा तर आई-वडील दोघांची संमती लागते. समजा तेही जमवलं असतं, तरी पुढे काय? न्यू जर्सीत असं प्रकरण कोर्टात असताना दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला राज्याबाहेर न्यायचं नसतं. देशाबाहेर नेलं तर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा १९९३चा कायदा लागतो आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मारहाणीपासून पळाले होते असा बचाव त्याच कायद्यात आहे, पण तो मांडायचा आरोपी म्हणून उभं राहून. वकीलबाईंनी मला हे सगळं कागदावर रेघा ओढून समजावलं होतं.

त्यांनी हेग कराराचंही सांगितलं. १९८०चा आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाला एका पालकाने परस्पर दुसऱ्या देशात नेलं, तर मूल जिथे राहत होतं तिथे परत पाठवायचं आणि ताब्याचा निर्णय तिथल्या कोर्टाने करायचा, असा त्याचा गाभा. परत पाठवल्याने मुलाला गंभीर धोका असेल तर कोर्ट नकार देऊ शकतं, पण तो धोका आईने सिद्ध करायचा. भारताने या करारावर सही केलेली नाही. नातेवाईकांना ही पळवाट वाटत होती. मला त्यात दुसरंच दिसत होतं. मी तिथे, खटला इथे, आणि तू मोठा होईपर्यंत आपण दोघं कुठल्याच विमानतळावर निर्धास्त उभं राहू शकलो नसतो.

पुढे मी असे निकाल वाचत राहिले, सवयच लागली. २०१७ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटनहून मुलीला घेऊन आलेल्या आईकडेच मुलगी ठेवली. २०२० साली अमेरिकेहून आलेल्या आईला मुलीसह परत जायला सांगितलं. २०२२मध्ये इथल्या, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे इटलीहून मुलाला घेऊन आलेली आई होती. गंभीर धोका दिसत असताना, मुलाला परत पाठवता यावं म्हणून प्रत्येक संभाव्य उपाय तपासलाच पाहिजे असं कोर्टावर बंधन नाही, असं तिथे ठरलं. तो निकाल मी रात्रपाळीत दोनदा वाचला. ज्या बायका मूल कडेवर घेऊन रातोरात विमानात बसल्या त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्याकडे खालच्या मजल्यावरच्या आजी नसतील.

मी थांबले, त्याची किंमतही मोजली. तुझे आजोबा गेले तेव्हा मला जाता आलं नाही. माझा यू व्हिसाचा अर्ज चालू होता. गुन्ह्याला बळी पडून पोलिसांना मदत केलेल्यांसाठी तो व्हिसा २०००च्या कायद्याने आला, आणि वर्षाला दहा हजारच मिळतात, त्यामुळे रांग लांब. तो हातात येण्याआधी देश सोडला असता तर परत यायची खात्री नव्हती, आणि तू इथे एकटा. मी बाथरूमचा नळ सोडून रडले, तू बाहेरून दार वाजवून विचारत होतास, "आई, तुला लागलं का?" प्रतीक्षायादीत नाव आल्यावर कामाचा परवाना मिळाला आणि मी फार्मसीत लागले. पहिल्या पगाराचा चेक माझ्या एकटीच्या नावाने आला. तो दिवस मी कधीच विसरणार नाही.

बाबांबद्दल मला एवढंच लिहायचं आहे. ते तुला सायकल शिकवायचे, तुझ्या तापात रात्रभर बसायचे, हे खोटं नव्हतं. मला मारायचे, हेही खोटं नव्हतं. तुला त्यातलं एकच निवडायची गरज नाही.

भेटायचं की नाही ते तू ठरव. तू सज्ञान आहेस, माझी परवानगी लागत नाही, आणि तू गेलास तर मला वाईट वाटेल असं मनात आणू नकोस. फक्त काही व्यवहाराच्या गोष्टी लक्षात ठेव. माझी ऑर्डर अजून लागू आहे. न्यू जर्सीत ती आपोआप संपत नाही, न्यायाधीशांनी उठवली तरच उठते. तिसऱ्या माणसाकरवी निरोप पाठवणं हासुद्धा तिचा भंग धरतात, म्हणून पहिल्याच मेलमध्ये स्पष्ट लिही की आईचा विषय काढायचा नाही. माझी माफी मागायची म्हणाले तरी तू निरोप्या होऊ नकोस. आपला पत्ता, माझ्या कामाची जागा, सांगू नकोस. पहिली भेट चार लोक असतील अशा ठिकाणी ठेव, तुझी गाडी घेऊन जा आणि नको वाटलं तर उठून ये, कारण सांगत बसू नकोस.

ऑर्डरची प्रत, पोलिसांचा रिपोर्ट आणि घटस्फोटाचा निकाल माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या फाईलमध्ये आहे. रिपोर्टमध्ये तुझा फोन शब्दशः उतरवलेला आहे. वाचायचा असेल तर वाच, एकट्याने नको वाटलं तर मी बसते शेजारी. गुरुवारी माझी रात्रपाळी आहे, शुक्रवारी सकाळपासून घरी आहे.

तुझी,
आई