खिडकीवरचा आळ काढणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा गार होतोय" म्हणून विषय बदलता, म्हणून म्हटलं इथेच लिहून टाकावं, तुमची नात वाचून दाखवेलच. नाव लिहीत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही ते माहितीये.

वाचनालयातलं माझं ते भाषण आठवतंय ना. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, सुट्टीत पोरांसाठी काहीतरी इंटरेस्टिंग करू म्हणून कॉमेट या ब्रिटिश जेट विमानाचा विषय घेतला होता आणि पोस्टरवर मोठ्ठ्या अक्षरात छापलं होतं, "चौकोनी खिडकीने पाडलेलं विमान". तयारी म्हणजे काय, खरं सांगते, चार व्हिडिओ बघितले होते. २ मे १९५२ ला लंडनहून जोहान्सबर्गला जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान सुटलं, १० जानेवारी १९५४ ला रोमहून निघालेलं योक पीटर नावाचं कॉमेट एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं, ३५ माणसं गेली, पायलट दुसऱ्या विमानाशी रेडिओवर बोलत होता आणि वाक्य अर्ध्यातच तुटलं. मग कॉमेट थांबवले, बरेच बदल करून २३ मार्चला परत सोडले आणि सोळाव्या दिवशी, ८ एप्रिलला, योक योक नावाचं दुसरं कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात, अजून २१ जण. कारण काय तर खिडक्या चौकोनी, कोपऱ्यात ताण साठतो, कोपरा फाटतो, धन्यवाद. टाळ्या पण मिळाल्या.

तुम्ही शेवटच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसला होतात. सगळे गेल्यावर आलात आणि म्हणालात, "मॅडम, बोललात छान. पण खिडकी बिचारी फुकट बदनाम झाली हो." मला राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. वाटलं, आले एक रिटायर्ड काका चूक काढायला. मग तुम्ही विचारलंत की चौकशीसाठी इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात एक कॉमेट टाकीत ठेवून पाण्याने फुगवलं, ते पाण्यानेच का, हवेने का नाही? आणि मी, फिजिक्सची टीचर, दोन मिनिटं नुसती बघत राहिले. तुम्हीच सांगितलंत, हवा दाबली जाते, स्प्रिंगसारखी एनर्जी धरून बसते, फुटली की बॉम्ब होतो आणि पुरावाच उडून जातो. पाणी जवळपास दाबलंच जात नाही, त्यामुळे पत्रा फाटला की दाब लगेच उतरतो आणि तडा कुठून सुरू झाला ते जागच्या जागी बघता येतं. पोरांना मी बारावीला हेच शिकवते हो, शब्द वेगळे फक्त. "ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं पत्र्याचंच काम केलंय, रविवारी या, दाखवतो," म्हणालात.

त्या रविवारचं काय सांगू. गॅलरीतलं ते टेबल, व्हाईस, कानशी लावलेल्या ओळीने, काकू आतून ओरडतायत की पाहुण्यांना आधी बसू तरी द्या. तुम्ही ॲल्युमिनियमच्या एकाच पत्र्यातून दोन पट्ट्या कापल्यात, एकीत पंच मारून भोक पाडलंत आणि दुसरीत ड्रिल करून, कडेचं कुसळ (बर) काढून, कड बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घासलीत. दोन्ही व्हाईसमध्ये धरून मागे पुढे, मागे पुढे, मोजायचं काम माझ्याकडे. पंचवाली सव्विसाव्याला गेली, ड्रिलवाली एकसष्टाव्याला. मग भिंग दिलंत हातात आणि पंचवाल्या भोकाची कड बघायला लावलीत, फणीच्या तुटक्या दातांसारखी दिसत होती. "शेवेच्या पाकिटाला कंपनी बारीक खाच देते की नाही फाडायला, तसंच हे, फक्त इथे खाच कुणाला नको होती."

कॉमेटच्या अंगावरचा पत्रा काही ठिकाणी जेमतेम ०.७ मिलिमीटरचा, त्यात रिव्हेटची भोकं पंच करून पाडलेली आणि वर जाऊन आतला दाब बाहेरच्यापेक्षा सव्वाआठ पीएसआय (चौरस इंचाला सव्वाआठ पौंड) जास्त. मी घरी येऊन हिशोब केला, एका चौरस मीटरवर पावणेसहा टन होतात जवळपास. प्रत्येक फ्लाइटला एकदा फुगायचं, एकदा बसायचं. योक पीटर असं १२९० वेळा फुगलं होतं, योक योक ९०० वेळा. टाकीतलं योक अंकल जुनंच विमान होतं, १२२१ वेळा आधीच उडालेलं, त्याला पाण्याने अजून १८३६ वेळा फुगवलं तेव्हा जून १९५४ मध्ये ते पुढच्या एस्केप हॅचपाशी, म्हणजे संकटात बाहेर पडायच्या झडपेपाशी, फाटलं.

आणि एल्बाजवळच्या समुद्रातून ब्रिटिश नेव्हीने पाण्याखाली टीव्ही कॅमेरे सोडून जे तुकडे वर काढले, ते जोडल्यावर योक पीटरचा पहिला तडा निघाला छतावर, रेडिओ दिशा शोधणाऱ्या अँटेनासाठी कापलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यात. ज्यातून कुणी प्रवासी कधी बाहेर बघितलंच नाही त्या खिडकीत! तुम्ही हे सांगताना एवढे खूष होता की काकू म्हणाल्या, जसं काही यांनीच काढलं समुद्रातून. म्हणजे कोपरे निर्दोष होते असं नाही, ताण तिथेच सगळ्यात जास्त होता आणि तो कंपनीने धरल्यापेक्षा बराच जास्त निघाला, नंतरच्या कॉमेटला गोलसर खिडक्या आणि जाड पत्रा आला तो उगाच नाही. पण कोपरा, पातळ पत्रा, भोकाची कड आणि मोजण्यातली चूक, चौघांनी मिळून केलेलं काम मी एकट्या आकारावर ढकलून मोकळी झाले होते.

मोजण्यातली चूक, हा दुसरा रविवार. इथे मला खरंच झोप लागली नाही त्या रात्री. कॉमेट बनवणाऱ्या डी हॅविलँडवाल्यांनी टेस्ट केली नव्हती असं नाही ना, भरपूर केली होती, विमानाचा पुढचा भाग घेऊन हजारो वेळा फुगवला होता आणि तो टिकला होता. पण त्याच भागावर त्यांनी आधी ताकदीची टेस्ट घेतली होती, नेहमीच्या दुप्पट दाबापर्यंत. त्या दुप्पट दाबाने भोकांच्या आणि कोपऱ्यांच्या आजूबाजूचा धातू थोडासा ताणला जाऊन तसाच राहिला, दाब काढल्यावर बाकीच्या पत्र्याने त्याला आवळून धरलं आणि जिथे तडा जायचा नेमकी तीच जागा आतून दाबलेली राहिली, त्यामुळे नंतर नेहमीच्या दाबाला तडा उघडायला कितीतरी उशीर लागला. जे विमान प्रवाशांना घेऊन उडालं त्याला एवढा दाब कधी दिलाच नव्हता. म्हणजे जास्त कडक परीक्षा घेतली म्हणून निकाल खोटा आला! मी वीस वर्षं पेपर काढतेय काका, असं काही डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सराव परीक्षेला पेपर फुटला तर मुलगा पासच होणार की," ते उदाहरण तंतोतंत बसत नाही हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आताही म्हणते, पण वर्गात तेच वापरते.

तिसऱ्या रविवारी तुम्ही चिडलेले होता, कारण मी बोलता बोलता म्हटलं की बाकीचे बरेचसे अपघात पायलटच्या चुकीचेच असतील ना. चहा ठेवून दिलात. रोम, ऑक्टोबर १९५२, कॅप्टन हॅरी फूटचं कॉमेट रनवेवरून उठलंच नाही, नाक जास्त वर केलं म्हणून ठपका त्याच्यावर, त्याला मालवाहू यॉर्क विमानांवर पाठवलं. मार्च १९५३, कराची, कॅनेडियन पॅसिफिकचं कॉमेट अगदी तसंच, ११ जण गेले, पुन्हा पायलट. त्यानंतर पंखाची पुढची कड बदलली. "पायलट चुकला होता तर पंख कशाला बदलला?" हे तुम्ही एवढ्या जोरात विचारलंत की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

मग म्युनिक. ६ फेब्रुवारी १९५८, मँचेस्टर युनायटेडची टीम घेऊन निघालेलं अँबॅसडर विमान, दोन प्रयत्न सोडून दिलेले, तिसऱ्यांदा रनवेवर ११७ नॉटपर्यंत वेग गेला आणि मग वाढायच्या ऐवजी १०५ वर उतरला. विमान कुंपण तोडून गेलं, २३ माणसं दगावली. जर्मन चौकशीने सांगितलं पंखांवर बर्फ होता, कॅप्टन जेम्स थेनने बघायला हवा होता. नोकरी गेली, माणूस कोंबड्यांचं फार्म सांभाळत कागदं घेऊन भांडत राहिला, कारण खरा दोषी रनवेवरचा अर्धवट वितळलेला बर्फाचा चिखल होता, चाकं त्यात शिरली की वेगच मरतो. हे ब्रिटिश चौकशीने अधिकृतपणे मान्य करायला १९६९ उजाडलं. सहा वर्षांनी थेन गेले. तुम्ही त्यांचं नाव घेताना "थेनसाहेब" म्हणता, मलाही आता दुसरं काही म्हणवत नाही.

दमदमचा विषय मात्र तुम्ही टाळलात. २ मे १९५३, पहिल्या फ्लाइटचा बरोबर वाढदिवस, कलकत्त्याहून उडालेलं कॉमेट सहा मिनिटांत वादळात मोडलं, ४३ जण. आपल्याकडच्या चौकशीने वादळी झोत किंवा ते सावरताना कंट्रोल जास्त ओढले गेले असतील असं म्हटलं. मी विचारलं तुम्हाला काय वाटतं, तर म्हणालात, "तुकडे मी हातात घेतलेले नाहीत," आणि उठून झाडांना पाणी घालायला गेलात.

काका, जूनमध्ये मी तेच भाषण परत दिलं, पोस्टर फाडून नवीन केलं, पहिल्या पाच मिनिटांत मागच्या वेळी चुकीचं सांगितलं होतं हे कबूल केलं. दोन पट्ट्या नेल्या होत्या, एका मुलीला मोजायला बसवलं. पंचवाली एकोणतिसाव्याला तुटली तेव्हा सगळा हॉल गप्प. तुम्ही आला नव्हतात, गुडघा दुखत होता म्हणे. काकूंनी नंतर सांगितलं की गुडघा ठीक होता, "माझ्याबद्दल स्टेजवर काहीतरी बोलेल ती" म्हणून घरी बसले. बोललेच मी, चांगली दहा मिनिटं.

तुमची पंचवाली पट्टी माझ्या स्टाफरूमच्या ड्रॉवरमध्ये आहे, ती परत मिळणार नाही. भिंग आणि काकूंचा चकलीचा डबा रविवारी आणून देते.