घोड्याच्या सांगाड्याचं चित्र

पुणे

प्रिय अविनाश,

गेल्या वेळी जेवताना तू विचारलंस, "हाडांच्या चित्रात एवढं बघण्यासारखं काय असतं रे?" तू गुरांचा डॉक्टर, हाडं तुला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतात. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय.

जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकाराने काढलेली घोड्याच्या शरीररचनेची चित्रं लंडनमध्ये १७६६ साली छापून आली. मोठी चित्रं १८, त्यांतली तीन नुसत्या सांगाड्याची: एक बाजूने, एक समोरून, एक मागून. बाजूचं चित्र मी महिनाभर टेबलासमोर लावून ठेवलंय. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या. अलीकडच्या बरगड्यांच्या फटींतून पलीकडच्या दिसतात, आणि तरी कुठे गिचमीड नाही. पुढून मागे जाताना प्रत्येकीचा बाक जरासा बदलतो. ठेका तोच, पण प्रत्येक मात्रेचं वजन वेगळं. मागे झाड नाही, आभाळ नाही, कोरा कागद. त्यामुळे दोन बरगड्यांमधली मोकळी जागासुद्धा आकार होऊन बसते. मी आता हाडं कमी आणि त्या फटीच जास्त बघतो!

हे सहज आलेलं नाही. इंग्लंडमधल्या लिंकनशर भागातल्या हॉर्क्स्टो गावी एका शेतघरात स्टब्स सुमारे १८ महिने राहिला. मेलेला घोडा आकड्यांनी टांगून उभा करायचा, एकेक थर सोलायचा, थराथराला चित्र काढायचं. त्याची जोडीदार मेरी स्पेन्सर मदतीला होती. पुढे छपाईसाठी चित्रं तांब्याच्या पत्र्यांवर कोरायची होती; लंडनमधल्या कोरणाऱ्यांनी ते काम घेतलं नाही, तेव्हा पत्रे त्याने स्वतः कोरले. दिवसा पोटापाण्याची चित्रं, आणि हे पहाटे नि रात्री.

त्याच्या आधी, १७३३ साली, चेसल्डन या इंग्रज शल्यवैद्याच्या हाडांवरच्या ग्रंथात कुत्र्यामांजराचे सांगाडे एकमेकांवर गुरगुरताना दाखवलेत. कौशल्य मोठं आहे, पण तिथे हाडांना अभिनय करावा लागतो. स्टब्सचा घोडा नुसता पाऊल टाकतो, तेवढ्यात सगळा तोल दिसतो. तूच एकदा सांगितलं होतंस, घोड्याच्या मागच्या पायाचा जो सांधा आपल्याला उलटा गुडघा वाटतो ती खरं तर टाच. ते कळल्यापासून त्या चित्रातला मागचा पाय मला टाच उचलून उभा असलेला दिसतो.

रविवारी नदीकाठी सापडलेला बैलाचा फरा, म्हणजे खांद्याचं पसरट हाड, पुढ्यात ठेवून दोन तास बसलो. मधली उभी कड उठून दिसावी म्हणून दोन्ही बाजूंनी काळं करत गेलो, आणि फरा पार सपाट झाला. दुसऱ्या कागदावर उजेडाची बाजू पूर्ण सोडून दिली, सावलीकडे तेवढ्या बारीक रेघा मारल्या, आणि कड वर आली. बोटाने चाचपून पाहावं इतकी. अविनाश, मला म्हणायचंय ते एवढंच रे: हाड जसं आहे तसं दाखवण्याच्या हट्टातूनच ती रेघ सुंदर होते. वेगळी सजावट करावी लागत नाही.

दिवाळीत येशील तेव्हा तुझ्या कपाटातलं घोड्याच्या पायाचं नळीचं हाड घेऊन ये. त्याला चिकटलेल्या त्या दोन बारक्या हाडांसकट. मला ते समोरून काढायचंय.

तुझा,
श्रीधर