बेरीज नंतर कर

ठाणे पूर्व,
रविवार

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

उद्यापासून वाशीला तुझी नाइट सुरू होतेय, तीही डोक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डात. फोनवर म्हणालास, "जीसीएस येतो गं मला." जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, पेशंटची शुद्ध आकड्यांत मोजायचं कोष्टक. ते तुला येतं, हे मला माहीत आहे. रात्री तीन वाजता ते कुठे चुकतं, तेवढंच लिहिते.

१९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी ही पद्धत मांडली. त्याआधी कुणी 'गुंगीत' लिही, कुणी 'अर्धवट शुद्धीत', आणि पुढच्या पाळीला त्यातून काही कळत नसे. म्हणून डोळे, बोलणं आणि हालचाल ही तीन खाती वेगळी ठेवली. तूही ती वेगळीच लिही. नुसतं '१०' लिहू नकोस. डोळे ४, बोलणं १, हालचाल ५ म्हणजे १०. डोळे २, बोलणं ३, हालचाल ५ म्हणजेही १०. पहिला टक्क जागा आहे, पण त्याची वाचा गेलेली असू शकते. दुसरा गुंगीत चाललाय.

हात लावण्याआधी बेडच्या पायथ्याशी उभा राहून क्षणभर नुसतं बघ. डोळे आपणहून उघडे आहेत का, श्वास कसा आहे, दोन्ही हात हलतात का. घोरत असेल तर 'गाढ झोपलाय' म्हणून पुढे जाऊ नकोस. शुद्ध हरपलेल्या माणसाची जीभ मागे पडली की असाच आवाज येतो. झोपलेल्याला उठवायचंच, नातेवाईक कितीही "आत्ताच डोळा लागलाय हो ब्रदर" म्हणाले तरी. आधी नेहमीच्या आवाजात हाक मार, मग मोठ्याने. कानाचं मशीन उशीखाली राहिलंय का ते बघ.

नाव, ठिकाण आणि महिना, हे तीन प्रश्न. तुझ्याकडे तुर्भ्याच्या मार्केटातले माथाडी येतील, रबाळे-महापेच्या कंपन्यांतले कामगार येतील, गावठाणातल्या आगरी आजी येतील. ज्याची जी बोली, तिच्यात विचार. स्वतःला येत नसेल तर वॉर्डातल्या मावशींना किंवा मामांना बोलाव. आजींनी 'सप्टेंबर' न म्हणता 'भादवा' म्हटलं आणि तो बरोबर असला, तर पूर्ण ५. हॉस्पिटलचं नाव आलं नाही, पण 'दवाखान्यात आहे' म्हणाल्या तरी ठिकाण कळतंय. वाक्यं नीट, पण उत्तर चुकीचं, तर ४. सुटे शब्द आले तर ३, नुसतं कण्हणं २, काहीच नाही तर १. आणि दर तासाला तेच प्रश्न विचारले की पेशंट उत्तरं पाठ करतो, म्हणून मधूनमधून बदल.

हालचालीला सगळ्यात जास्त वेळ दे. "माझा हात दाबा" एवढ्यावर ६ देऊ नकोस. मेंदूला इजा झाली की तळहाताला काही लागताच बोटं आपोआप मिटतात, लहान बाळासारखी. "दाबा", मग "आता सोडा". सोडलं तरच ६. किंवा "तोंड उघडा, जीभ बाहेर काढा".

हुकूम पाळत नसेल तर दाब द्यायचा. आधी नखाच्या कडेला पेनने, हळूहळू वाढवत १० सेकंदांपर्यंत. मग मानेजवळचा खांद्याचा स्नायू चिमटीत धर, किंवा भुवईखालच्या खाचेत अंगठा दाब. डोळ्याभोवतीचं हाड मोडलं असल्याची शंका असेल तर भुवईला हात नको. भुवई दाबली की माणूस डोळे घट्ट मिटतो, म्हणून डोळे उघडतात का ते बघायला नखच बरं. छातीच्या हाडावर मुठी घासू नकोस. त्वचा काळीनिळी पडते आणि हात नेमका कुठे निघाला होता ते कळत नाही.

आता हात नीट बघ. मान किंवा भुवई दाबल्यावर तो गळपट्टीच्या हाडाच्या वर, तुझ्या हातापर्यंत आला तर ५. कोपर चटकन दुमडून हात अंगापासून दूर ओढला तर ४. सावकाश, दर वेळी एकाच पद्धतीने छातीवर वळला, अंगठा मुठीत गेला, पाय ताठ झाला, तर ३. कोपर सरळ ताणलं गेलं तर २. चार आणि तीनमध्येच सगळे गोंधळतात. वेग बघ, अंगठा बघ. दोन्ही बाजू वेगळ्या असतील तर आकडा चांगल्या हाताचा, पण कुठली बाजू कमी ते शेजारी लिहायचंच.

डोळा सुजून बंद असेल, घशात नळी असेल, तर १ लिहू नकोस. 'तपासता आलं नाही' आणि कारण लिही. आणि चादरीखाली औषधाचा पंप चालू असेल तर आधी तो बघ. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असताना काढलेल्या हालचालीच्या आकड्याला अर्थ नाही.

डोळ्यांच्या बाहुल्या शेवटी. खोलीतला उजेड कमी कर, टॉर्च बाजूने आण, आकार मिलिमीटरमध्ये लिही. मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा डोळ्यात घातलेले थेंब यांनीही त्या वेगळ्या दिसतात, घरच्यांना विचार. आधी दोन्ही सारख्या असताना एका बाजूची बाहुली मोठी होऊन उजेडाला हलेना, तर धावत फोन. पण तिची वाट बघू नकोस. ती उशिरा येते. नाडी मंदावणं आणि बीपी चढणंही उशिराच. आधी बोलणं बदलतं.

शुद्ध कमी वाटली की ग्लुकोमीटर घे, पेशंट डोक्याच्या माराचा असला तरी. साखर ७० च्या खाली असेल तर ते कारण तिथल्या तिथे सुधारता येतं.

कधी बोलवायचं? तुमच्या वॉर्डाचा नियम पहिला. मार लागलेल्यांसाठी ब्रिटनमध्ये 'नाइस'ने, म्हणजे उपचारांचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या संस्थेने, सांगितलंय: एकूण आकडा १ ने उतरून अर्धा तास तसाच राहिला तरी डॉक्टरांनी तातडीने बघायचं, हालचालीचा उतरला तर जास्तच घाईने. डोळे किंवा बोलणं ३ ने, किंवा हालचाल २ ने उतरली, तर थांबायचंच नाही. एकूण आकडा ८ किंवा खाली गेला तर श्वासमार्गाची काळजी आधी. आणि बायको म्हणाली, "हे असे बोलत नाहीत कधी", तर आकडा तोच असला तरी पुन्हा तपास. रोजचा माणूस तिला माहीत आहे.

ओव्हर घेताना, म्हणजे पाळी बदलताना, फाइलवर विसंबू नकोस. जाणाऱ्या सिस्टरला बेडपाशी ने, दोघांनी मिळून एकदा करा. तिचा ४ आणि तुझा ३ आला, तर तो फरक तिथेच मिटेल. नाहीतर मध्यरात्री पेशंट बिघडला की तुझं मोजणंच वेगळं, हे ठरवण्यात वेळ जाईल.

जुन्या टॉर्चचा उजेड पिवळा पडलाय. नवे सेल तुझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवलेत, निघण्याआधी घाल.

तुझी,
आई