चंद्री का बसली, ते आता सांगते

ती. आई, बाबा,

फोनवर नीट बोलणं होत नाही, इकडं रेंज जाते येते. परवा बाबा तुम्ही विचारलंत की शिरवळला एवढी वर्षं घालवून जनावरांची डॉक्टर झालीस आणि आता गावोगाव नुसतं बोलत फिरतीस, स्वतःचा दवाखाना का टाकत नाहीस. मी "बघू" म्हणून फोन ठेवला, पण ते मनातनं जाईना म्हणून लिहायला बसले. धाकट्याला सांगा, आईला सावकाश वाचून दाखव, गडबड नको.

बाबा, दवाखान्यात जनावर येतं ते आजारी पडल्यावर. विस्तारच्या पोस्टवर, म्हणजे जनावरं पाळणाऱ्यांना गावोगाव जाऊन माहिती द्यायच्या कामात, मला त्याच्या आधी गोठ्यात पोचायचं असतं. लस, कानातला बिल्ला, वैरण, गोचीड, म्हशीचा मुका माज कसा ओळखायचा, हेच सगळं. पहिल्या वर्षी मी ग्रामपंचायतीत मीटिंग लावायचे, सगळे बाप्ये यायचे, मान डोलवून चहा पिऊन जायचे, आणि घरात धार काढणारी, शेण काढणारी, वैरण टाकणारी बाई त्या मीटिंगला कधीच नाही. मग मी सकाळी सहाला डेअरीवरच जाऊन उभी राहायला लागले. बायका किटल्या घेऊन रांगेत असतात, फॅटचं मशीन चालू असतं, तिथं रोगाचं नाव काढलं की कोण थांबत नाही पण दूध आणि फॅट म्हटलं की सगळ्या कान देतात. धार झाल्या झाल्या पुढ्यात वैरण टाका म्हणजे म्हैस उभी राहील, सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतंय, लगेच शेणात बसली की कास सुजून दगडी होते आणि सड जातं. हे दवाखान्यात सांगायला कुणाला वेळ असतो सांगा. आणि लस टोचल्यावर एक-दोन दिवस दूध जरा कमी येतं हे मी आधीच सांगते, लपवलं तर पुढच्या वेळी लोक गोठ्याची कडीच काढत नाहीत. 2022 ला लम्पी आला तेव्हा हेच कामाला आलं, शेळीच्या देवीची लस गाईला कशी काय म्हणून भांडणारी माणसं नंतर स्वतः गाय सोडून घेऊन आली.

पण खरं लिहायचंय ते आईला.

आई, गेल्या आठवड्यात साळवणच्या पुढं एका गावात सकाळी सकाळी बोलावणं आलं. चौथ्या वेताची म्हैस, व्यायली त्याच्या दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. मी गोठ्याच्या दारात गेले आणि पायच थांबले. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान गार, नाक कोरडं, डोळे उघडे पण कुठंच बघत नव्हती. डिट्टो आपली चंद्री. मी पाचवीत होते, तू रात्रभर तिच्या पाठीवर पोतं टाकून बसली होतीस, बाबा सायकलवरनं डॉक्टर शोधत फिरत होते आणि पहाटे ती गेली. बघायला आलेलं कोणतरी म्हणालं जोतिबाचा नारळ राहिला म्हणून झालं. तू ते धरून बसलीस. मला माहीत आहे, अजून चंद्रीचा विषय निघाला की तू उठून आत जातीस.

त्या म्हशीला शिरेतनं कॅल्शियमचं सलाईन लावलं. आधी अंगाला थरथर सुटली, मग ढेकर दिला, मग शेण टाकलं, आणि अर्ध्या तासात उठून रेडकाकडं बघून हुंकारली. ती घरची मावशी माझा हात धरून रडायला लागली आणि मी पण रडले, तिला वाटलं तिच्यासाठी.

आई, चंद्रीच्या रक्तातलं कॅल्शियम संपलं होतं. एवढंच झालं होतं. ऊसतोडीत आपण महिनोन् महिने नुसतं उसाच्या शेंड्याचं वाडं घालायचो, सगळा गावच घालायचा, फुकट मिळायचं. त्या वाड्यात ऑक्झॅलेट असतं, ते वैरणीतलं कॅल्शियम बांधून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. त्यात ती भरपूर दुधाची, व्याल्यावर चिकातनं दुधातनं होतं तेवढं पण बाहेर गेलं. तुझी चूक नव्हती. नारळाची पण नव्हती. आपल्या गोठ्यात येऊन हे सांगणारं कोण नव्हतं, आणि बाबा, मी विस्तारची पोस्ट का सोडत नाही याचं उत्तर पण हेच आहे.

आता नवीन म्हशीचं. चैत्रात भरलीय म्हणजे दहा महिने दहा दिवस धरले तर माघ संपता संपता व्यायला पाहिजे. वाडं एकदम बंद करू नका पण निम्म्यावर आणा, चुन्याची निवळी शिंपडून मग घाला, जोडीला कडबा नाहीतर भाताचं पिंजर. बाबा, दुकानदार देतो म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या आत्ता पाजू नका, व्यायच्या आधी बाहेरनं भरपूर कॅल्शियम मिळालं की हाडातलं काढायची अंगाची सवय सुटते आणि ऐन वेळी जनावर बसतं, व्याल्यावर मी सांगीन तेव्हा द्या. पहिले दोन-तीन दिवस कास पूर्ण रिकामी करायची नाही. रेडकाला तासाभरात चीक पाजा, खरवसाचं नंतर बघू. आणि चुकून बसलीच तर ओव्याचं पाणी, काढा काही तोंडातनं ओतायचं नाही, तेव्हा गिळता येत नाही, फुफ्फुसात जातं. जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचा 1962 नंबर गोठ्याच्या दारावर खडूनं मोठा लिहून ठेवा आणि मला पण लावा, रात्री दोन वाजले तरी.

माघाच्या शेवटच्या आठवड्यात रजा टाकलीय, मी येतेच. म्हैस नीट व्यायली की आई आपण दोघी जोतिबाला जाऊ, काही फेडायचं म्हणून नाही, लई दिवसांत गेलो नाही म्हणून.

तुमची,
सुमी