‘कूळ लागेल’ ही भीती घालवा, जमीन शेतीतच राहील

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेतजमीन वाचवण्याची चर्चा आपल्याकडे अकृषिक परवानग्या, रस्ते आणि प्लॉटिंग यांच्याभोवती फिरते. पण प्लॉटिंगवाल्याच्या हाती जाण्याआधी पुष्कळ जमीन काही वर्षं पडीक असते. मालक शहरात किंवा वयाने थकलेला, मुलांना शेती करायची नाही, आणि त्याच गावात कसायला जमीन शोधणारी तरुण मंडळी आहेत. तरी व्यवहार होत नाही, झाला तरी कागदावर येत नाही. कारण एकच, ‘कूळ लागेल’, म्हणजे कसणारा कायद्याने कूळ ठरून जमिनीवर हक्क सांगेल.

ही भीती अडाणीपणाची नाही, कायद्यातच तिचं मूळ आहे. मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांना लागू झालेल्या 1948च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 4 नुसार दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारा माणूस कूळ मानला जातो. घरातली व्यक्ती, मजुरीवरचा गडी आणि ताबेगहाणदार (जमीन गहाण घेऊन ताब्यात ठेवणारा) तेवढे वगळले आहेत. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कुळं जमिनीची मालक मानली गेली. त्यानंतर निर्माण झालेल्या कुळालाही कलम 32-ओ प्रमाणे वहिवाट सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत जमीन विकत मागता येते. मराठवाड्यात 1950चा आणि विदर्भात 1958चा स्वतंत्र कायदा आहे, पण मालकाच्या मनातली धास्ती सगळीकडे सारखीच. या कायद्यांनी कसणाऱ्याला जमीन दिली, हे काम फार मोठं होतं आणि त्याला धक्का लागता कामा नये. मात्र आज त्याच तरतुदींमुळे खंड, बटई, वाटा, मक्ता हे सगळं तोंडी चालतं.

तोंडी व्यवहाराची किंमत कसणारा मोजतो. सातबारावर त्याचं नाव नाही. ई-पीक पाहणीत पीक मालकाच्या खात्यावर नोंदलं जातं, त्यामुळे अतिवृष्टीची भरपाई मालकाच्या बँक खात्यात जमा होते. पीक विम्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून आणलेला कागद चालत नाही. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत तोंडी खंडकरी आणि वाटेकरीही बसतात, तरी शाखेत गेल्यावर सातबारा आणि आठ-अ मागितला जातो. 4 ते 10 जणांचा, एकमेकांच्या कर्जाची हमी घेणारा संयुक्त देयता गट करून कर्ज काढण्याची सोय आहे, पण गटातल्या कुणाची जमीन पुढच्या जूनमध्ये राहील याची खात्री नसेल तर बँक तरी किती विश्वास ठेवणार?

जमिनीचंही नुकसान होतं. वर्षाच्या बोलीवर घेतलेल्या रानात कुणी एकरी पाच टन शेणखत टाकत नाही, कारण त्याचा फायदा दोन-तीन हंगामांत मिळतो. हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा गाडायचा म्हणजे पिकाचे दीड-दोन महिने सोडायचे, तेही कुणी करत नाही. फुटलेला बांध तसाच राहतो, चर गाळाने भरतात आणि पावसाळ्यात माती ओढ्याला जाते. मग उत्पन्न घटतं, खंड घटतो, आणि ‘या जमिनीत आता काही राहिलं नाही’ म्हणत मालक विकायला काढतो.

नवख्या माणसापुढे आणखी एक भिंत आहे. 1948च्याच कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी किंवा शेतमजूर नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, इतकंच नव्हे तर भाडेपट्ट्यानेही घेता येत नाही. भूमिहीन घरातली कृषी पदवीधर मुलगी या व्याख्येत बसत नाही. कलम 63 काढून टाका, असं आम्ही म्हणत नाही. खरेदीची दारं उघडली तर पहिला आत येईल तो गुंतवणूकदार. खरेदीवरचा निर्बंध ठेवून फक्त स्वतः कसण्यासाठीच्या पट्ट्याला सूट द्यावी.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी दिलेल्या खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ आहे. म्हणजे एकरी सुमारे 50 हजार. दीर्घ मुदतीसाठी जमीन द्यायला मालक तिथे कचरत नाहीत. भाडं चांगलं आहे हे खरं, पण मुदत कधी संपणार आणि जमीन परत कशी मिळणार हे लेखी असतं, हेही तितकंच खरं. शेतीसाठीच्या पट्ट्याला असं संरक्षण का नको?

आराखडा तयार आहे. नीती आयोगाने 2016 साली टी. हक समितीच्या शिफारशींवरून आदर्श शेतजमीन भाडेपट्टा कायदा राज्यांना दिला. मुदत संपताच जमीन मालकाकडे, कसणाऱ्याला कायम हक्क नाही, पण मुदतीत त्याला पीककर्ज, विमा आणि आपत्तीची मदत, हा त्याचा गाभा. आंध्र प्रदेशाने 2019च्या कायद्यात 11 महिन्यांचा करार आणि कसणाऱ्याला ओळखपत्र दिलं. आमच्या मते 11 महिने फार तोकडे आहेत. महाराष्ट्राने किमान पाच वर्षांचा पट्टा धरावा. ठिबकाच्या अनुदानाला करार सात वर्षांचा लागतो, म्हणून तिथे सातच. नोंदणी फी आणि मुद्रांक शुल्क नाममात्र असावं आणि पट्ट्याची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्कात’ मुदतीसह घ्यावी, म्हणजे मुदत संपताच ती आपोआप कमी होईल.

करारनामा कसा असावा, यावरच बरंचसं अवलंबून आहे. गट नंबर, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र आणि चतुःसीमा लिहाव्यात. विहिरीचं पाणी आठवड्यातून किती दिवस, मोटारीचं बिल कुणाचं आणि बांधावरच्या झाडांची फळं कुणाची, हेही लिहावं. भांडणं खंडावरून कमी आणि या गोष्टींवरून जास्त होतात. खंड दोन हप्त्यांत ठेवावा, एक पेरणीआधी, दुसरा माल विकल्यावर. पैसेवारी (गावातल्या पिकाचा सरकारी अंदाज) 50 पैशांच्या खाली गेली तर दुसऱ्या हप्त्यात किती सूट मिळणार, तेही आधीच ठरवावं.

पट्टा सुरू होताना आणि संपताना मातीची तपासणी करावी. एकरात आठ-दहा ठिकाणी ‘व्ही’ आकाराचे 20 सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन, बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा टाळून माती घ्यावी, ती एकत्र करून चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलो नमुना काढावा. सेंद्रिय कर्ब वाढला असेल तर कसणाऱ्याला ठरलेला मोबदला द्यावा, घटला असेल तर अनामतीतून कापावं. पाइपलाइन किंवा शेडनेटचा खर्च कसणाऱ्याने केला असेल, तर उरलेल्या आयुष्याची किंमत मुदतीअखेर कशी काढायची, तेही त्याच कागदावर हवं.

एवढं करूनही जमीन वाचेलच असं नाही. गावठाणापासून 200 मीटरच्या आतली जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड खाली कर भरून अकृषिक होऊ शकते, आणि अनेक गावांत विहिरीची, काळी, बागायत जमीन नेमकी तिथेच असते. एका गटात प्लॉट पडले की बांध मोडतो, चर बुजतात, मुरमाचा रस्ता शेजारच्या रानापेक्षा फूटभर उंच होतो आणि पावसाचं पाणी त्या रानात तुंबून पीक पिवळं पडतं. पुढे शेजाऱ्यालाही विकण्यावाचून मार्ग उरत नाही. केरळने 2008च्या कायद्याने भातशेतीची गाववार नोंद केली आणि रूपांतराच्या अर्जांसाठी स्थानिक समिती नेमली. आपल्याकडे निदान बारमाही बागायत गटांची अशी यादी ग्रामसभेसमोर ठेवावी, आणि त्या गटांत परवानगी देण्याआधी पाण्याचा निचरा व वहिवाटीचा रस्ता यांची जागेवर पाहणी सक्तीची करावी.

भाडेपट्ट्याचं विधेयक सरकारने येत्या अधिवेशनात मांडावं. तोपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांनी शेती करू इच्छिणाऱ्या भूमिहीन अर्जदारांसाठी कलम 63 खालच्या परवानगीची मुदत ठरवून द्यावी आणि प्रलंबित अर्जांची यादी दर महिन्याला तहसील कचेरीत लावावी.

आपले,
शेतजमीन आणि महसूल कायद्याच्या कामाशी संबंधित काही वाचक